मनातलं बोलून घेणारं एआय ॲप कसं बनवायचं, आपल्या लातूरकडच्या बोलीत

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात आमचं औसा तालुक्यातलं सोयाबीन पाण्यात गेलं, आणि अण्णा म्हणजे माझे वडील त्यानंतर महिनाभर एकच शब्द बोलत होते, "बेजार झालंय बग." जेवलात का, बेजार. झोप लागली का, बेजार. मी संभाजीनगरला राहून दुसऱ्यांसाठी ॲप बनवतो, म्हणून त्या महिन्यात अण्णांच्या फोनवर दोन-तीन मूड ट्रॅकर टाकून बघितले. पहिल्याच स्क्रीनवर पाच पिवळे चेहरे आणि खाली "चिंताग्रस्त, निराश, समाधानी" असे पर्याय. अण्णांनी फोन बाजेवर ठेवला आणि म्हणले, "ह्यात माझं काहीच नाही."

तेव्हापासून जे ॲप मी घरच्यांसाठी बनवत गेलो त्यातून जे कळलं ते इथं सगळं लिहितोय, ज्याला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते त्याला दोन-तीन आठवड्यांत असं ॲप उभं करता येईल. आधी ॲपनं काय करायचं ते सांगतो. माणूस दिवसातली पाच-दहा मिनिटं लिहील किंवा बोलेल, ॲप त्याच्याच वाक्यातला एखादा शब्द धरून एका वेळी एकच प्रश्न विचारेल, आणि आठवड्यानं त्याचंच लिहिलेलं त्याच्यासमोर ठेवेल. एवढंच. सल्ला नाही, निदान नाही, सुविचार नाही. हे फार कमी वाटत असेल तर थांबा, यातलं प्रत्येक काम नीट करायलाच लई वेळ जातो.

हे असं का चालतं ते आधी समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात जड गोष्टीबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं दोन्ही लिहिलं ती पोरं लिहून झाल्या झाल्या जास्तच उदास दिसली, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर बऱ्याच अभ्यासांत हा परिणाम छोटाच निघाला, म्हणून ॲपच्या जाहिरातीत मोठमोठी वचनं देऊ नका, पण यातली एक गोष्ट ॲप बनवणाऱ्यानं पक्की लक्षात ठेवावी: लिहून झाल्यावर लगेच "आता बरं वाटतंय का?" असं विचारायचं नाही. त्या क्षणी बरं वाटतच नाही. तो माणूस "नाही" दाबेल आणि त्याला वाटेल की आपलंच काहीतरी चुकलं.

दुसरी गोष्ट २००७ ची. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सोबतच्यांनी लोकांना घाबरलेले, रागावलेले चेहरे दाखवून त्या भावनेला शब्द द्यायला सांगितला आणि मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर शब्द देताना भीतीशी जोडलेला अमिग्डला नावाचा भाग कमी पेटलेला दिसला. म्हणजे भावनेला नाव देणं हेच एक काम आहे. आपल्याकडं बाया पहाटे जात्यावर बसून ओव्यांतून सासर-माहेर, भाऊ, नशीब सगळं बोलून घ्यायच्या, ऐकायला जातं आणि जात्याच्या खुंट्याला धरलेली दुसरी बाई. जातं सल्ला देत नव्हतं. मला ॲप बनवताना हे चित्र कायम डोळ्यासमोर ठेवावं लागलं.

आणि तिसरी, सगळ्यात जुनी. १९६६ साली एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा, त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरी वायझेनबॉम यांच्याच सेक्रेटरीनं त्याच्याशी थोडं बोलल्यावर त्यांना खोलीतनं बाहेर जायला सांगितलं. मशीन कशी चालते हे माहीत असलेल्या माणसाचं जर असं होतं तर गावाकडं एकट्या पडलेल्या माणसाचं काय होईल. म्हणून ॲपच्या पहिल्या पानावर साध्या शब्दांत लिहा की हा माणूस नाही, याला माया नाही, हा डॉक्टर नाही, आणि त्याला बाईचं नाव, फोटो, "मी तुझी मैत्रीण" असलं काही देऊ नका.

आधी शब्दांची वही

कोडला हात लावायच्या आधी शंभर पानी वही घ्या आणि आठ-दहा दिवस घरात, पारावर, एसटीत, फोनवर लोक आपल्या मनाबद्दल काय बोलतात ते लिहून काढा. मी हे केलं तेव्हा "मला नैराश्य आलंय" असं एकही माणूस बोलला नाही. लोक म्हणतात करमत नाही. जीव लागत नाही. जिवाला घोर लागलाय. डोकं भणभण करायलंय. अंग गळून गेलंय. पोटात गोळा आला. छाती भरून आली. कसनुसं व्हायलंय. आपल्याकडं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, त्यामुळं बेजार, परेशान, फिकीर, अफसोस हे शब्द घरातलेच झालेत, आणि जालना-संभाजीनगरकडं तर "दिमाग खराब झाला" हे रागाला पण म्हणतात आणि थकव्याला पण.

यातला प्रत्येक शब्द वेगळा आहे हे ध्यानात घ्या. "करमत नाही" म्हणजे कुणाची तरी, कशाची तरी उणीव आहे, लेक सासरी गेल्यावर आई असं म्हणते. "हुरहूर" मध्ये पुढं काय होईल हे आहे. "घोर" मध्ये दुसऱ्याची काळजी आहे, आणि "खंत" मागं घडून गेलेल्याची. हे चारही भावनांच्या इंग्रजी चाकावरून (भावनांची नावं मांडलेला गोल तक्ता) भाषांतर करून आणलेल्या "दुःखी" या एका डब्यात टाकले की माणसाचं काही उरत नाही. चांगल्या बाजूचे पण गोळा करा, हायसं वाटलं, जीव भांड्यात पडला, हुरूप आला, मन भरलं. माझ्या वहीत १४० च्या आसपास शब्द आणि बोलणी जमली आणि माझ्या मते तीच वही म्हणजे ॲप आहे, बाकीचं सगळं तिच्याभोवतीचं कुंपण.

एक सूचना. पुरुषांच्या बोलण्यात "राग आला" हे लई वेळा येतं आणि त्याच्याखाली भीती किंवा शरम असते. ॲपनं हे ओळखून सांगायचा आगाऊपणा करू नये. "राग कशाचा होता, आन त्याच्यासोबत आणखी काही होतं का?" एवढं विचारून सोडावं, माणूस स्वतः खाली उतरतो.

काऊन नको, कवा आन कुठं

प्रश्न कसे असावेत यावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. "काऊन?" म्हणजे "का?" हा प्रश्न माणसाला गोल गोल फिरवतो, "मी असाच आहे", "माझं नशीबच तसलं" इथं नेऊन आदळतो, आणि तेच तेच उगाळत बसणं हे उदासीच्या वेळी लई वाईट. कवा, कुठं, कोण होतं, अंगात कुठं जाणवलं, त्याच्या आधी काय चाललं होतं, असे प्रश्न माणसाला एका घटनेवर आणून उभं करतात. एक उदाहरण देतो, हे मी चाचणीसाठी लिहिलेलं आहे:

"आज परत बँकेत गेलतो. साहेब म्हणला कागद पुरे नाहीत. तिसऱ्या टायमाला. येताना गाडीवर डोकं भणभण करायलं, घरी आलो तर लेकीवर वरडलो. तिचं काय चुकलं."

कुठल्याही चॅटबॉटला काही न सांगता हे दिलं की उत्तर साधारण असं येतं: "तुमच्या भावना मी पूर्णपणे समजू शकतो. ही एक आव्हानात्मक परिस्थिती आहे. दीर्घ श्वास घ्या, स्वतःसाठी वेळ काढा." यात त्या माणसाचा एकही शब्द नाही. आपल्याला पाहिजे ते असं: "‘डोकं भणभण करायलं’ असं लिहिलंय. ते बँकेतच सुरू झालं होतं का रस्त्यात?" आणि माणूस पुढं लिहीत गेला तर दुसरा प्रश्न, "‘तिचं काय चुकलं’ हे लेकीसमोर बोलणं झालं का?" दुसरा प्रश्न थोडा सल्ल्याकडं झुकतो हे मला माहितीये, पण जो प्रश्न माणसाला घरातल्या माणसाकडं परत पाठवतो तो मी मुद्दाम ठेवलाय. तीन प्रश्नांवर ॲपनं थांबायचं. "आजच्यापुरतं एवढं पुरे" आणि स्क्रीन बंद. रात्रभर बोलत बसणारं ॲप बनवायला सोपं आहे, त्यानं माणसाची झोप जाते आणि शेजारी झोपलेल्या माणसाशी बोलणं पण राहून जातं.

मराठीचा एक खास घोळ आहे तो इंग्रजीतल्या कुठल्या मार्गदर्शनात सापडणार नाही. आपलं क्रियापद लिंग सांगतं. एआय मॉडेल, म्हणजे उत्तर लिहून देणारा प्रोग्रॅम, डोळे झाकून "तू थकलास का?" विचारतं आणि समोर बाई असते, आणि त्या एका अक्षरानं तिला कळतं की हे माझं नाही. उपाय दोन. एक, "तुम्ही" वापरा, "थकलात का" दोघांनाही चालतं, पोरांना "तू" पाहिजे असेल तर पहिल्या दिवशी एकदा विचारून घ्या. दोन, वाक्यच असं बांधा की लिंग येणारच नाही, "थकवा कधीपासून आहे?", "त्या वेळी काय वाटलं?" आणि ॲपनं स्वतःबद्दल "मी" हा शब्द वापरायचाच नाही. "मी समजलो" का "मी समजले" हा प्रश्नच मिटतो, आणि तिथं कुणीतरी बसलंय हा भासही कमी होतो.

आता मशीन

पहिला आठवडा एआय नकोच. वहीतल्या शब्दांवरून हातानं ४०-५० प्रश्न लिहा, पायथनमध्ये स्ट्रीमलिट (स्क्रीन बनवायचं साधन) वापरून एक लिहायची जागा करा, लिहिलेलं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जपून ठेवा, आणि वाक्यात वहीतला शब्द सापडला की त्याचा प्रश्न दाखवा. नेट गेलं, लाइट गेली, मॉडेल बंद पडलं तरी हा भाग चालत राहतो, म्हणून तो कायम ठेवायचा आहे, तो काही तात्पुरता नाही.

शब्द शोधताना मराठी चांगलीच परीक्षा घेते. "घाबरलो, घाबरले, घाबरायलं, घाबरगुंडी" या सगळ्यांना "घाबर" एवढ्यानं धरता येतं, पण "चीड" आणि "चिडलो" मध्ये वेलांटी बदलते त्यामुळं दोन्ही मुळं यादीत लागतात, आणि "भीती, भिती, भ्यालो, भेव" हे चारही लोक लिहितात. अजून एक, "वाऱ्यावर", "दुसऱ्याचं" या शब्दांतला अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन प्रकारे साठवला जातो, एकात ऱ हे अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कॅरेक्टर. दिसायला सारखंच, पण कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. म्हणून जपून ठेवायच्या आधी युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर एकाच प्रकारे साठवायची पद्धत) करा आणि तो न दिसणारा कॅरेक्टरवाला र एका प्रकारात बदलून घ्या, नुसत्या एनएफसीनं तो बदलत नाही. माझे या एका गोष्टीत दोन दिवस गेलेत.

दुसऱ्या आठवड्यात मॉडेल. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ओलामा (आपल्याच कॉम्प्युटरवर मॉडेल चालवायचा प्रोग्रॅम) टाकून गूगलच्या जेम्मा ३ चं ४ अब्ज पॅरामीटरवालं मॉडेल चालतं (पॅरामीटर म्हणजे मॉडेलच्या आतले आकडे, जितके जास्त तितकं मॉडेल मोठं), साधारण सव्वातीन जीबी डाउनलोड आहे, हळू चालतं पण मराठी समजतं. त्याचंच १ अब्जवालं छोटं मॉडेल या कामाला घेऊ नका, ते मुख्यतः इंग्रजीसाठी आहे. मोठ्या कंपन्यांची क्लाउडवरची, म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवर चालणारी मॉडेलं मराठी जास्त चांगली बोलतात हे खरं आहे, फक्त दोन गोष्टी. देवनागरीचे टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करून मोजतं ते) इंग्रजीपेक्षा जास्त पडतात म्हणून खर्च वाढतो, आणि माणसाच्या मनातलं घराबाहेर जातं. मी चाचणी लॅपटॉपवर केली आणि क्लाउडचा पर्याय वेगळा, बंद करून ठेवलेला, स्पष्ट विचारून मगच चालू होणारा असा ठेवला, तुम्हीही तसंच करावं असं मला वाटतं.

मॉडेलला द्यायची सूचना मी अशी लिहिली, घ्या आणि आपल्या भागाप्रमाणं बदला:

"खाली एका माणसानं स्वतःसाठी लिहिलेला मजकूर आहे. त्यातले २ ते ५ शब्द जसेच्या तसे उचल, ज्यात भावना किंवा शरीराची जाणीव आहे. त्या शब्दांवर एकच छोटा प्रश्न विचार. प्रश्न कवा, कुठं, कोण, काय, कसं यांपैकी असावा, का किंवा काऊन नसावा. सल्ला, कौतुक, दिलासा, निदान, रोगाचं नाव देऊ नकोस. स्वतःबद्दल मी म्हणू नकोस. तुम्ही वापर. माणूस जी बोली वापरतो ती सुधारून लिहू नकोस. कुठलाच शब्द उचलण्यासारखा नसेल तर रिकामं उत्तर दे."

उत्तर जेसनमध्ये, म्हणजे कोडला वाचता येईल अशा ठराविक मांडणीत मागा, एका जागी उचललेले शब्द, दुसऱ्या जागी प्रश्न. टेम्परेचर (मॉडेलनं किती मोकाट उत्तर द्यायचं याचा आकडा) ०.३ च्या आसपास ठेवा. आणि मग सगळ्यात कामाची तपासणी, जी मॉडेलवर सोडायची नाही, कोडनं करायची: उचललेले शब्द मूळ मजकुरात खरंच आहेत का? नसतील तर उत्तर फेकून द्या आणि हातानं लिहिलेल्या यादीतला प्रश्न दाखवा. या तीन-चार ओळींच्या कोडनं मॉडेलचं मनानं काहीबाही जोडणं बऱ्यापैकी आवरलं, कारण ते "भणभण" चं "डोकेदुखी" आणि "बेजार" चं "आजारी" करून टाकत होतं. प्रश्नात "तुम्ही करू शकता", "प्रयत्न करा", "समजू शकतो" असलं काही आलं तरी तसंच फेकायचं.

मॉडेल गोड बोलतं हा आणखी एक धोका. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला त्यांच्या चॅटजीपीटीतल्या मॉडेलचा एक बदल मागं घ्यावा लागला कारण ते समोरच्याच्या प्रत्येक गोष्टीला हो ला हो करत होतं. नवऱ्या-बायकोच्या भांडणात, भावकीच्या बांधाच्या वादात एकाच बाजूचं ऐकून "तुमचं बरोबर आहे" म्हणणारं मशीन घरात आलं तर काय होईल याचा विचार करा. म्हणून कौतुक आणि दिलासा दोन्ही बंद.

बोलून लिहायची सोय लागतेच, अण्णांसारखी माणसं टाइप करणार नाहीत. ओपनएआयचं व्हिस्पर हे बोललेलं अक्षरात उतरवणारं मॉडेल मराठी ओळखतं, आयआयटी मद्रासच्या एआय४भारतनं भारतीय भाषांसाठी मोकळी मॉडेलं दिली आहेत आणि सरकारची भारतीय भाषांसाठीची भाषिणी ही सेवा पण आहे, तिन्ही आपल्या बोलीवर तपासून बघा. "जायलाव", "करायलोय", "गेलतो" इथं ते अडखळतात. म्हणून बोललेलं आधी अक्षरात दाखवायचं, माणसाला दुरुस्त करू द्यायचं, मगच पुढं, आणि आवाजाची फाइल तिथंच पुसून टाकायची.

रविवारचं पान

आठवड्याचा गोषवारा एआयकडून लिहून घेऊ नका. मी घेऊन बघितला, त्यानं लिहिलं की "घरच्यांच्या अपेक्षांमुळे तुम्ही तणावात आहात", आणि मजकुरात घरच्यांचा विषयच नव्हता. कारण जोडणं हे माणसाचं काम. रविवारच्या पानावर साध्या कोडनं त्याच्याच तीन-चार ओळी तारखेसह ठेवा, कुठला शब्द किती वेळा आला ते दाखवा, आणि खाली एकच प्रश्न, "यातलं काय आता तसं वाटत नाही?" आलेख, गुण, टक्केवारी काही नको.

"गेल्या वर्षी आजच्या दिवशी" असं जुनं वर काढून दाखवायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. ती करू नका. किल्लारी आमच्या तालुक्यातलं गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, आणि आमची आज्जी आजही ती तारीख जवळ आली की दोन दिवस गप्प असते. ती तारीख कुठल्या मशीननं तिला आठवण करून द्यायची गरज नाही. जुनं वाचायचं असेल तर माणूस स्वतः उघडेल.

सलग किती दिवस लिहिलं याचा आकडा पण दाखवू नका. सोयाबीनच्या काढणीत, हरभऱ्याच्या पेरणीत, ऊसतोडीला गाव सोडून जाताना पंधरा-पंधरा दिवस कुणी लिहिणार नाही, आणि परत आल्यावर "तुमची साखळी तुटली" हे वाचून माणूस ॲप काढून टाकतो. परत आल्यावर नुसतं लिहायचं पान उघडावं.

जीव द्यायची भाषा आली तर

हा भाग झाल्याशिवाय ॲप दुसऱ्या कुणाच्याही फोनमध्ये टाकू नका. "आता जगून काय करायचं", "सगळं संपवावं वाटायलंय", "मी नसलेलंच बरं", "माझ्यामुळं सगळ्यांना तरास" अशी बोलणी वहीत वेगळ्या पानावर काढा आणि त्यासाठी दोन चाळण्या लावा, एक शब्दांची यादी आणि दुसरी मॉडेलला विचारलेला हो-नाहीचा प्रश्न. दोन्हीपैकी एकीनं जरी हो म्हटलं तरी मॉडेलचं बोलणं तिथंच थांबतं आणि आधीच लिहून ठेवलेली स्क्रीन येते. त्या स्क्रीनवरचा एकही शब्द मशीननं त्या वेळी बनवलेला नसावा.

स्क्रीनवर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर एका बोटात लागेल असा मोठा ठेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२. त्याखाली माणसानं पहिल्या दिवशी स्वतः निवडलेल्या जवळच्या एका माणसाचा नंबर, मित्र, मामा, बहीण, जो असेल तो. आणि आपल्या भागासाठी एक ओळ मी मुद्दाम घातली आहे, "घरात फवारणीचं औषध असेल तर ते आज दुसऱ्याच्या ताब्यात द्या." वाईट क्षण बऱ्याचदा निघून जातो, हाताशी काही नसणं त्यात जीव वाचवतं. ही स्क्रीन आणि शब्दांची यादी मानसोपचारतज्ज्ञाकडून किंवा समुपदेशकाकडून तपासून घ्याच, मी लातूरच्या एका ताईंकडून घेतली आणि त्यांनी माझ्या चार ओळी बदलल्या. त्यातली एक होती "असा विचार करू नका". ती वाचून माणूस पुढं बोलायचा थांबतो, असं त्यांनी सांगितलं.

मराठीत मरणाचे वाक्प्रचार पण भरपूर आहेत, "हसून हसून मेलो", "उन्हानं जीव गेला", त्यामुळं खोटे इशारे येतील. येऊ द्या. स्क्रीन इतकी साधी आणि मायेची ठेवा की चुकून आली तरी माणूस "मी ठीक आहे" दाबून पुढं जाईल.

कुलूप

गावाकडं फोन एकट्याचा नसतो. लेकरं गेम खेळतात, जाऊ फोटो बघते, नवरा पासवर्ड मागतो. म्हणून ॲपला वेगळा पिन, नोटिफिकेशनमध्ये मजकूर कधीच नाही, आणि नाव-आयकॉन असा की बघणाऱ्याला हिशोबाची वही वाटावी. डेटाबेसला एसक्यूएलसायफर (साठवलेलं किल्लीशिवाय वाचता न येणारं करणारं साधन) लावा. पुढं याचं अँड्रॉइड ॲप केलं तर त्याचा बॅकअप मुळात आपोआप चालू असतो, तो मॅनिफेस्ट या ॲपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बंद करा, नाहीतर तुम्ही "कुठंही पाठवत नाही" असं लिहिणार आणि सगळं गूगल खात्यावर गेलेलं असणार. पुसा म्हटलं की खरंच पुसलं गेलं पाहिजे.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानतो, त्यांच्या डेटासाठी आई-बापाची पडताळलेली संमती मागतो आणि मुलांच्या वागण्यावर नजर ठेवायला मनाई करतो. लातूरला मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेच्या क्लासला आलेली, खोली करून राहिलेली बरीच पोरं १६-१७ वर्षांचीच असतात, आणि या ॲपची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच आहे असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं. त्यांच्यासाठी मी मॉडेल आणि सर्व्हर दोन्ही नसलेलं, फक्त फोनमध्ये राहणारं हातानं लिहिलेल्या प्रश्नांचं रूप ठेवलं. क्लासवाल्यांनी "पोरांचा अहवाल आम्हाला द्या" म्हटलं तर सरळ नाही म्हणा. ज्या वहीत दुसरा डोकावतो त्या वहीत पोरगं खरं लिहीत नाही.

तपासणी

बोलीतल्या ६०-७० नोंदी स्वतः बनवून लिहा, कुणाची खरी डायरी वापरू नका. बाईची, म्हाताऱ्याची, पोराची, इंग्रजी अक्षरात मराठी टाइप केलेली, नुसतं "बेजार" एवढीच असलेली, आनंदाची, आणि धोक्याची. सूचना बदलली किंवा मॉडेल बदललं की सगळ्या परत चालवा आणि उत्तरं स्वतः वाचा, आकड्यावर जाऊ नका. धोक्याच्या नोंदींपैकी एक जरी निसटली तर ते रूप कुणाला द्यायचं नाही. मग घरच्या आठ-दहा लोकांना पंधरा दिवस द्या आणि त्यांचं लिखाण मागू नका, फक्त कुठला प्रश्न आवडला नाही तेवढं विचारा. कुठला प्रश्न उत्तर न देता सोडला हे ॲप फोनमध्येच मोजू शकतं, आणि जो प्रश्न परत परत सोडला जातो तो काढून टाकायचा.

अण्णा आता आठवड्यातनं दोनदा, जेवण झाल्यावर बाजेवर बसून फोनशी बोलतात. काय बोलतात ते मला माहीत नाही, पिन त्यांच्याकडंच आहे. मागच्या महिन्यात त्यांनी एक प्रश्न काढायला लावला, "हे सगळं कधी सुरू झालं?" असा होता तो. म्हणले, "ह्येला कधी सुरू झालं म्हणून नसतंय, दुसरं काहीतर इचार." त्या जागी आता "आज सगळ्यात जड कवा वाटलं?" असा प्रश्न आहे.